तुमचे प्रश्न, आमची उत्तरं : वेब कुणी बनवलं, कसं बनवलं आणि फुकट का दिलं?

मागच्या अंकात ब्राउझरबद्दल, म्हणजे वेबची पानं उघडून दाखवणाऱ्या प्रोग्रामबद्दल, चार ओळी छापल्या होत्या, त्यावरून कोल्हापुरातनं आणि आसपासच्या तालुक्यांतनं इतके प्रश्न आले की यावेळचं सगळं सदर त्यालाच देऊन टाकलंय. नावं छापत नाही, गाव आणि पेठ तेवढी देतोय.

माझी मुलगी नववीत आहे. तिच्या एका पुस्तकात इंटरनेट 1969 ला सुरू झालं असं आहे आणि दुसऱ्यात 1989. परीक्षेत काय लिहायचं? (गृहिणी, शाहूपुरी)

ताई, दोन्ही सालं बरोबर आहेत, फक्त ती दोन वेगळ्या गोष्टींची आहेत. 1969 इंटरनेटचं, 1989 वेबचं. आपण बोलताना सरसकट 'नेट' म्हणतो त्यामुळं हा घोळ होतो.

29 ऑक्टोबर 1969 ला रात्री लॉस एंजेलिसच्या विद्यापीठातल्या एका कॉम्प्युटरवरून स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटच्या कॉम्प्युटरला पहिला निरोप गेला. 'लॉगिन' असं पाठवायचं होतं, पण एल आणि ओ ही दोनच अक्षरं पोचली आणि पलीकडचं मशीन बसलं. थोड्या वेळानं परत केलं, तेव्हा जमलं. त्या नेटवर्कचं नाव अर्पानेट. मग 1974 मध्ये व्हिंट सर्फ आणि बॉब कान या दोघांनी वेगवेगळी नेटवर्कं एकमेकांशी कशी बोलतील त्याची पद्धत मांडली, तीच पुढं टीसीपी-आयपी झाली, आणि 1 जानेवारी 1983 पासून अर्पानेटवर सगळ्यांनी तीच वापरायची असं ठरलं. आपण आज ज्याला इंटरनेट म्हणतो ते खरं तर तिथनं धरायचं.

आता वेब. आपला पुणे-बेंगळुरू हायवे बघा, रस्ता एकच पण त्यावरनं एसटी जाते, दुधाचा टँकर जातो, उसाचा ट्रॅक्टर पण जातो. इंटरनेट म्हणजे तो रस्ता. ईमेल हे एक वाहन, ते 1971 पासनं पळतंय, आणि वेब, म्हणजे लिंकनं एकमेकांना जोडलेली पानं, हे त्या रस्त्यावर बऱ्याच उशिरा आलेलं वाहन. मुलीला सांगा, इंटरनेटची सुरुवात अर्पानेटपासनं, म्हणजे 1969, वेबचा प्रस्ताव 1989, आणि वेब प्रत्यक्ष चालू झालं 1990 च्या शेवटी.

वेब टिम बर्नर्स-ली यांनी एकट्यानं बनवलं असं वाचतो. आमच्याकडं एक साधा पंपाचा भाग काढायचा तरी पॅटर्नवाला, मोल्डर, मशिनिस्ट अशी चार माणसं लागतात. एकट्यानं कसं जमलं? आणि फिजिक्सच्या लॅबमध्ये हे कसं काय निघालं? (फाउंड्री व्यावसायिक, उद्यमनगर)

दादा, तुमचा अंदाज बरोबर आहे. कल्पना एकाची, पण हात बरेच लागले.

टिम बर्नर्स-ली यांचा जन्म 1955 चा, लंडनचा. आई-वडील दोघंही फेरांटी मार्क वन या ब्रिटनच्या अगदी सुरुवातीच्या विकत मिळणाऱ्या कॉम्प्युटरवर काम करणारे, म्हणजे घरात पहिल्यापासनं हीच भाषा. ऑक्सफर्डला फिजिक्स शिकले. 1980 मध्ये सहा महिन्यांच्या कंत्राटावर ते जिनिव्हाजवळच्या सर्नमध्ये आले. सर्न म्हणजे अणूच्या आतल्या कणांवर संशोधन करणारी युरोपातल्या देशांची मिळून उभी केलेली प्रयोगशाळा, स्वित्झर्लंड आणि फ्रान्सच्या सीमेवर. तिथं कुठला माणूस कुठल्या प्रोग्रामशी आणि कुठल्या मशीनशी जोडलेला आहे हे लक्षात राहीना म्हणून त्यांनी स्वतःपुरता एक प्रोग्राम लिहिला, एन्क्वायर नावाचा. कंत्राट संपलं, ते गेले, आणि 1984 ला परत आले.

आता तुमच्या दुसऱ्या प्रश्नाकडं येतो, कारण सगळं मूळ तिथंच आहे. सर्नमध्ये जगभरातनं हजारो शास्त्रज्ञ येतात, बरेच जण साधारण दोन वर्षं राहतात आणि आपल्या देशात निघून जातात. जाताना त्यांच्या डोक्यातली माहितीही त्यांच्याबरोबर जाते. जी लिहून ठेवलेली असते ती कुठल्या तरी एका कंपनीच्या मशीनवर असते, दुसऱ्या कंपनीच्या मशीनवरनं ती उघडत नाही, प्रत्येक ठिकाणी वेगळं लॉगिन, वेगळ्या कमांड. माहिती आहे पण सापडत नाही! ज्यानं कुठल्याही मोठ्या कारखान्यात किंवा ऑफिसात काम केलंय त्याला हे दुखणं सांगायला नको. फिजिक्सचा प्रश्न नव्हताच तो, माणसं सतत बदलत असताना माहिती टिकवायची कशी याचा प्रश्न होता.

मार्च 1989 मध्ये बर्नर्स-ली यांनी यावर एक प्रस्ताव लिहून साहेबांना दिला. साहेबांचं नाव माइक सेंडल. त्यांनी वरच्या कोपऱ्यात पेनानं शेरा मारला, 'मोघम आहे, पण उत्साह वाटावा असं आहे'. मंजुरी दिली नाही, पण फाईल बंदही केली नाही. मला हे सेंडल लई मोठे वाटतात. पुढच्या वर्षी प्रस्ताव पुन्हा फिरवला, तरी अधिकृत प्रोजेक्ट काही झाला नाही, तेव्हा सेंडल यांनीच वाट काढली, स्टीव्ह जॉब्जच्या नेक्स्ट कंपनीचा नवा काळा कॉम्प्युटर तपासून बघायचा म्हणून विकत घ्यायला परवानगी दिली आणि तपासायला त्या प्रस्तावातल्या प्रोग्रामवरच काम कर म्हणाले. सप्टेंबर 1990 मध्ये मशीन आलं, आणि वर्ष संपायच्या आत त्यावर जगातला पहिला वेब सर्व्हर (पानं साठवून मागेल त्याला पाठवणारा) आणि पहिला ब्राउझर दोन्ही चालू झाले.

त्या मशीनवर एक कागद चिकटवलेला होता, त्यावर लाल शाईनं हातानं लिहिलेलं, हे मशीन सर्व्हर आहे, बंद करू नका. कारण कुणी तरी जाता जाता बटण बंद केलं असतं तर तेवढ्यात सगळं वर्ल्ड वाइड वेब बंद पडलं असतं, ते सगळंच्या सगळं त्या एका डब्यात होतं.

बाकीचे हात कुणाचे? रॉबर्ट काइयो हे बेल्जियमचे इंजिनिअर, त्यांच्याशिवाय हे उभंच राहिलं नसतं असं माझं मत आहे. नोव्हेंबर 1990 चा दुसरा, जास्त मुद्देसूद प्रस्ताव दोघांनी मिळून लिहिला, आणि माणसं मिळवणं, साहेब लोकांना पटवणं, मे 1994 मध्ये सर्नमध्ये वेबची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरवणं हे सगळं काइयो यांनी रेटलं. बर्न्ड पोलरमन यांनी सर्नची टेलिफोन डिरेक्टरी वेबवर आणून दिली. ऐकायला बारकं काम वाटतं, पण तिथल्या लोकांनी वेब पहिल्यांदा उघडलं ते फोन नंबर शोधायला. रोजची अडचण सुटली म्हणून माणसं आली, पुढचं जग बदलणार वगैरे तेव्हा कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

सगळीकडं पुरुषांचीच नावं येतात. यात एकही बाई नव्हती का? (ग्रंथालयात काम करते, मंगळवार पेठ)

होत्या ताई, आणि त्यातली एक तुमच्याच पेशातली.

पहिली निकोला पेलो. गणिताची विद्यार्थिनी, लेस्टर पॉलिटेक्निकमधनं कामाच्या अनुभवासाठी 1990 च्या शेवटी सर्नला आली होती. पहिला ब्राउझर फक्त नेक्स्ट मशीनवर चालायचा आणि ते महाग मशीन फार थोड्यांकडं होतं. तिनं असा साधा ब्राउझर लिहिला जो जवळजवळ कुठल्याही कॉम्प्युटरवर चालेल, लाइन-मोड ब्राउझर म्हणतात त्याला. माउस नाही, चित्रं नाहीत, नुसत्या अक्षरांच्या ओळी. प्रत्येक लिंकच्या पुढं चौकटी कंसात नंबर यायचा, तो नंबर टाइप करून एंटर दाबायचं की पुढचं पान. सर्नच्या बाहेरच्या बऱ्याच लोकांनी वेब पहिल्यांदा पाहिलं ते या पोरीच्या प्रोग्राममधनं.

दुसऱ्या लुईस अ‍ॅडिस, कॅलिफोर्नियातल्या स्लॅक या प्रयोगशाळेच्या ग्रंथपाल. तिथले शास्त्रज्ञ पॉल कुन्झ सप्टेंबर 1991 मध्ये सर्नला गेले, बर्नर्स-ली यांनी त्यांना वेब दाखवलं, ते परत येऊन अ‍ॅडिसबाईंना म्हणाले, असं असं आहे. बाईंकडं फिजिक्सच्या शोधनिबंधांची मोठी सूची होती, स्पायर्स नावाची, जगभरातल्या लोकांना ती लागायची पण वापरायला किचकट होती. त्यांनी लगेच ओळखलं की ही सूची या वेबवर टाकली तर कुणालाही बसल्या जागी शोधता येईल, आणि त्या मागं लागल्या. डिसेंबर 1991 मध्ये स्लॅकचा सर्व्हर चालू झाला, युरोपच्या बाहेरचा पहिला. तिथल्या शास्त्रज्ञांना ही सूची हवीच होती, त्यामुळं वेब पण हवंसं झालं. सूची करणाऱ्या माणसाला माहितीची किंमत बाकीच्यांच्या आधी कळते हे तुम्ही रोज अनुभवत असणार, वेगळं काय सांगू.

आमचे सर म्हणतात पहिला ब्राउझर मोझॅक. बरोबर आहे का? (बारावी, कागल)

नाही बाळा. सरांचं चुकतंय असं नको म्हणू, मोझॅक पहिला *गाजलेला* ब्राउझर होता. पहिला खुद्द बर्नर्स-लींचा, नाव पण वर्ल्डवाइडवेबच. मग पेलोचा. 1992 मध्ये हेलसिंकीच्या विद्यार्थ्यांनी एर्वाइज बनवला, कॅलिफोर्नियात पेई-युआन वेई यांनी व्हायोला बनवला. मोझॅक 1993 चा. इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए केंद्रात मार्क आंद्रीसन आणि एरिक बिना या दोघांनी लिहिला, आंद्रीसन तर अजून शिकतच होता. चित्र वेगळ्या खिडकीत न उघडता मजकुराच्या मधेच दिसायचं, बसवायला सोपा, आणि त्याच वर्षी विंडोज आणि मॅकवर पण आला, म्हणून तो घराघरात गेला. 1994 ला आंद्रीसननं जिम क्लार्कबरोबर कंपनी काढली, ती पुढं नेटस्केप. 9 ऑगस्ट 1995 ला तिचा शेअर 28 डॉलरला बाजारात आला आणि संध्याकाळी 58 च्या वर बंद झाला. वेबमध्ये पैसा आहे हे सगळ्या जगाला त्या दिवशी कळलं.

पण तुला एक गोष्ट सांगायचीच आहे, ती सहसा कुणी सांगत नाही. बर्नर्स-लींच्या पहिल्या ब्राउझरमध्ये वाचणं आणि लिहिणं एकाच खिडकीत होतं. पान उघडलं, त्यात कर्सर ठेवला, ओळ वाढवली, शब्द निवडून दुसऱ्या पानाला लिंक केली, सेव्ह. वाचणारा तोच लिहिणारा, ही त्यांची मूळ कल्पना. नंतर आलेल्या ब्राउझरांनी, मोझॅकनंही, लिहायचा भाग सोडून दिला कारण वेगवेगळ्या मशीनवर तो बसवणं फार अवघड काम होतं. मला मनापासनं वाटतं की वेबचं सगळ्यात मोठं नुकसान तिथं झालं, कारण आपण सगळे नुसते बघणारे झालो, आणि पुढं लिहायचं म्हटलं की कुठल्या ना कुठल्या कंपनीच्या दारात खातं उघडून बसायची सवय लागली. तू कॉम्प्युटर शिकणार असशील तर एचटीएमएल, म्हणजे वेबची पानं लिहायची भाषा, आधी शिक. नोटपॅड आणि एक ब्राउझर एवढ्यावर एका संध्याकाळी तुझं स्वतःचं पान होतं, आणि ते अजून तसंच चालतं.

एवढं मोठं काम करून त्यांनी पेटंट का घेतलं नाही? माझा एक विद्यार्थी म्हणाला, भोळा माणूस. (कॉम्प्युटर क्लास, इचलकरंजी)

सर, त्या विद्यार्थ्याला हे उत्तर वाचून दाखवाच.

भोळेपणा बिलकूल नव्हता, पूर्ण विचारानं घेतलेला निर्णय होता. त्याच काळात वेबला एक तगडा स्पर्धक होता, गोफर. मिनेसोटा विद्यापीठानं 1991 मध्ये काढलेला. मेन्यूतनं मेन्यूत जायचं आणि माहिती काढायची, सोपा, वेगवान, आणि सुरुवातीला वेबपेक्षा कितीतरी जास्त लोकं तोच वापरत होती. 1993 च्या सुरुवातीला विद्यापीठानं जाहीर केलं की गोफरचा सर्व्हर वापरणाऱ्या काही जणांकडनं आता फी घेणार. सरसकट सगळ्यांकडनं नव्हे, पण तेवढंच पुरलं. आज यांना लावली, उद्या आपल्याला लावतील, या धास्तीनं कंपन्यांनी आणि प्रोग्रामरांनी गोफरवर नवीन काम करायचंच सोडलं.

बर्नर्स-ली आणि काइयो हे डोळ्यांनी बघत होते, आणि लोक आता त्यांनाच विचारत होते, सर्न पण उद्या असंच करणार का? तेव्हा सर्नकडनं लेखी घेणं गरजेचं झालं. काइयो यांनी सर्नच्या कायदा विभागाचा पिच्छा पुरवला, आणि 30 एप्रिल 1993 ला दोन डायरेक्टरांच्या सह्यांचा एक छोटा कागद निघाला. त्यात सरळ लिहिलंय की सर्न या सॉफ्टवेअरवरचे आपले सगळे हक्क सोडतंय, कुणीही वापरावं, कॉपी करावं, बदलावं, वाटावं.

माझ्या मते वेबच्या इतिहासातला सगळ्यात मोठा दिवस हाच. पहिलं पान चालू झालं तो दिवस सुद्धा याच्या खाली, कारण तंत्र म्हणून वेब फार मोठं नव्हतंच, पानाला पत्ता द्यायचा म्हणजे यूआरएल, पान मागायचं म्हणजे एचटीटीपी, पान लिहायचं म्हणजे एचटीएमएल, तीन साध्या गोष्टी. हायपरटेक्स्टची, म्हणजे लिंकवरनं एका मजकुरातनं दुसऱ्यात जायची, कल्पना तर टेड नेल्सन यांनी 1960 च्या दशकातच मांडलेली, आणि डग एंगलबार्ट यांनी 1968 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत भर सभेत माउसनं क्लिक करून दाखवलेली. तुमचा क्लास, आमचं मासिक, गडहिंग्लजच्या एखाद्या पोराचं दुकान, कुणालाही वेबसाइट काढायला बर्नर्स-लींची परवानगी लागत नाही आणि एक पान काढलं म्हणून त्यांना एक रुपया द्यावा लागत नाही, ही गोष्ट त्या कागदामुळं आहे.

फी लावली असती तर त्यांना पैसे मिळाले असते का? नसतेच मिळाले, वेब पण गोफरच्या वाटेनं गेलं असतं. स्वतः बर्नर्स-ली कायम हेच सांगत आलेत. 1994 मध्ये ते अमेरिकेत एमआयटीला गेले आणि तिथं डब्ल्यू-थ्री-सी ही संस्था काढली, वेबचे नियम सगळ्यांनी मिळून ठरवावेत आणि कुण्या एका कंपनीनं ते खिशात घालू नयेत म्हणून. 2004 ला ब्रिटननं 'सर' केलं, 2016 चं ट्युरिंग अवॉर्ड, कॉम्प्युटर क्षेत्रातलं मोठ्या मानाचं, मिळालं. मान कमी पडला नाही त्यांना.

पत्त्यात एचटीटीपीच्या पुढं दोन तिरप्या रेघा कशाला? (रंकाळा)

खरंच काही गरज नव्हती. 2009 मध्ये बर्नर्स-लींनी स्वतः सांगितलं की तेव्हा ते बरं वाटलं म्हणून ठेवलं.

404 ही सर्नमधली खोली होती आणि तिथं पहिला सर्व्हर होता असा मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खरं काय? (गंगावेश)

अफवा आहे, पुढं पाठवू नका. पान मागितलं की सर्व्हर उत्तरादाखल एक आकडी कोड पाठवतो, त्यातले 4 पासनं सुरू होणारे कोड म्हणजे मागणाऱ्याच्या बाजूची चूक, 5 चे सर्व्हरच्या बाजूची. 404 म्हणजे तुम्ही मागितलेलं पान इथं नाही, एवढंच.

पण 404 दिसणं ही वेबची ताकद आहे हे मी आवर्जून सांगीन. टेड नेल्सन यांना लिंक दोन्ही बाजूंनी बांधलेली हवी होती, कधीच न तुटणारी. कल्पना सुंदर, पण त्यासाठी कुणीतरी सगळ्या लिंकांची नोंद ठेवायला पाहिजे, आणि मग नवीन लिंक द्यायची तर त्याला विचारायला पाहिजे. बर्नर्स-लींनी लिंक एका बाजूनंच ठेवली. समोरच्याला न विचारता तुम्ही त्याच्या पानाला लिंक देऊ शकता, उद्या त्यानं पान काढून टाकलं तर लिंक तुटेल, तुटू दे. हायपरटेक्स्टच्या जाणकारांना तेव्हा हे कच्चं काम वाटलं असणार, 1991 मध्ये टेक्सासमधल्या परिषदेनं त्यांचा पेपर घेतलाच नाही, फक्त डेमो दाखवायला जागा दिली. आणि याच कच्च्या कामानं जग व्यापलं.

आपल्याकडं हे कधी आलं? आणि जुन्या मराठी वेबसाइट उघडल्या की चित्रविचित्र इंग्रजी अक्षरं का दिसतात? (शिक्षक, वारणानगर)

सर्वसामान्य माणसाला भारतात इंटरनेट मिळालं ते 15 ऑगस्ट 1995 पासून, विदेश संचार निगमकडनं, आधी मोठ्या शहरांत. त्याच्या आधी संशोधन संस्थांना एर्नेट नावाचं नेटवर्क होतं. विद्यार्थ्यांचं स्वस्तातलं खातं असायचं त्यावर चित्रं दिसत नव्हती, नुसती अक्षरं. आणि सर, तुम्ही तर वारणेचे, 1998 मध्ये तुमच्या भागातली 70 गावं कॉम्प्युटरनं जोडायचा वायर्ड व्हिलेज प्रकल्प सुरू झाला होता, साखर कारखान्याच्या सहकाराच्या जाळ्यावर. उसाची नोंद, बाजारभाव, दाखले हे गावातच मिळावं हा त्याचा हेतू. म्हणजे वेब सगळ्यांसाठी खुलं झाल्यावर पाचच वर्षांत आपल्या जिल्ह्यानं हा विचार केला होता, याचा मला फार अभिमान वाटतो.

आता अक्षरांचं. पहिलं वेब इंग्रजी आणि युरोपातल्या भाषांच्या हिशोबानं बनलं. आपल्याकडं डीटीपीवाले शिवाजी, श्रीलिपी असले फॉन्ट वापरायचे, त्यात आत साठवलेलं अक्षर इंग्रजीच असायचं, फक्त दिसायला 'क' दिसायचा. तोच फॉन्ट वाचणाऱ्याच्या मशीनवर नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडायची. जुन्या साइटवर दिसतंय ते हेच. युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरावीक नंबर द्यायची पद्धत, तिनं 1991 च्या पहिल्याच आवृत्तीत देवनागरीला स्वतःची जागा दिली होती, पण घरातल्या कॉम्प्युटरवर ती नीट दिसायला 2000 नंतरचं विंडोज यावं लागलं. मराठी विकिपीडिया 2003 ला सुरू झाला तो त्यामुळंच शक्य झाला. तुमच्या शाळेत जुन्या फॉन्टमधल्या स्मरणिका, अहवाल, कविता फाईलमध्ये पडून असतील तर त्या कन्व्हर्टरमधनं युनिकोडमध्ये आणून ठेवा, मुलांना हे काम द्या. नाहीतर फॉन्ट गेला की ते लिखाण वाचणारं कुणी उरणार नाही आणि सर्चमध्ये तर ते आत्ताच सापडत नाही.

जगातलं पहिलं वेब पान आज बघायला मिळतं का? शाळेच्या लॅबमध्ये मुलांना दाखवायचंय. (शिक्षिका, राजारामपुरी)

मिळतं मॅडम. 2013 मध्ये, हक्क सोडल्याच्या त्या 1993 च्या कागदाला वीस वर्षं झाली तेव्हा, सर्ननं ते जुन्या पत्त्यावर परत लावलं. ब्राउझरमध्ये इन्फो डॉट सर्न डॉट सीएच टाकायचं, सुरुवातीलाच पर्याय येतात. पहिला निवडला तर पान आजच्या ब्राउझरमध्ये दिसतं, दुसरा निवडला तर निकोला पेलोच्या लाइन-मोडमध्ये, काळ्या पडद्यावर हिरवी अक्षरं. मुलांना दुसराच दाखवा. चित्र एकही नाही, त्यामुळं लॅबचं नेट हळू असलं तरी अडत नाही. पानावर वेब म्हणजे काय, कोण कोण त्यावर काम करतंय, कुठं कुठं सर्व्हर आहेत याच्या लिंक आहेत, आणि त्यातच एक लिंक आहे 'मी कशी मदत करू शकतो?' अशी, मुलांना ती उघडून वाचायला सांगा.